आर्टेमियाची अंडी फुटत नव्हती, तेव्हा काय केले : माझा अनुभव

पैठणजवळच्या आमच्या छोट्या झिंगा हॅचरीत झिंग्याच्या पिल्लांच्या खाद्यासाठी पाण्यात टाकलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला एक अगदी बारीक कवचधारी जीव) अंडी २४ तासांनंतरही जेमतेम पाव हिस्साच फुटत होती. उरलेली तपकिरी भुकटीसारखी बादलीच्या काठाला चिकटून राहत. डबा बदलला, मीठ वाढवले, अंडी दुप्पट टाकली. महागडा माल असा वाया जाताना पाहून जीव मेटाकुटीला आला.

दोष अंड्यांचा नव्हताच. बोअरचे पाणी जड म्हणून मी आरओचे पाणी वापरत होतो. त्यात सामू, म्हणजे पीएच, टिकवणारे क्षारच नसल्याने तो ७ च्या खाली घसरत होता, आणि डिसेंबरच्या रात्री पाणीही गार पडत होते.

प्रथम २० लिटरच्या जारचा तळ कापून तो तोंड खाली करून टांगला व हवेची नळी थेट टोकापर्यंत नेली, म्हणजे अंडी कोपऱ्यात बसत नाहीत. मग १० लिटर पाण्यात दर लिटरला २५ ग्रॅम आयोडीनविरहित खडेमीठ आणि १ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून सामू ८ च्या वर गेल्याची पट्टीने खात्री केली. मत्स्यालयाच्या हीटरने तापमान २८ अंशांवर स्थिरावल्यावरच लिटरला १ ग्रॅम अंडी सोडली, हवा जोरात ठेवली आणि वर दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी हवा बंद करून वर काळे कापड टाकले व तळाशी टॉर्च धरली. दहा मिनिटांत टरफले वर तरंगली, आर्टेमियाची नारिंगी पिल्ले उजेडाकडे खाली जमली. तळातून निघणारे पहिले गढूळ पाणी टाकून द्यावे, त्यात न फुटलेली अंडी असतात. नंतरची पिल्ले बारीक जाळीत धरून, धुऊनच टाकीत सोडावीत.