पेलेटचा डबा घेताना

गेली २२ वर्षं मी वरळीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफल खेळते. नवी मुलं मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दाखवतात: घरातल्या टेबलावर प्रोग्रेसिव्ह प्रेस, दांडा ओढला की एक काडतूस तयार. त्यांना मी आधीच सांगते, हे आपल्याकडे घरी करायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसं बनवायला सरकारी परवाना लागतो. पण प्रेसवर बसलेल्या माणसाचा काटेकोरपणा मात्र जरूर घ्या. आपल्याला तो पेलेट, म्हणजे एअर रायफलचा शिशाचा छर्रा, निवडताना लागतो.

रायफलीवर दोन-अडीच लाख घालणारे पालक पेलेटच्या वेळी दुकानदार देईल तो डबा उचलतात, याचं मला फार वाईट वाटतं. निशाणाच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्ऱ्याचा मध्य त्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत राहिला तर दहा, बाहेर गेला की नऊ. एवढ्या जागेत खराब छर्ऱ्याची चूक हाताने सावरता येत नाही.

डब्यावर आधी हेडचा, म्हणजे छर्ऱ्याच्या पुढच्या भागाचा, आकार वाचा. ४.४९, ४.५०, ४.५१ असे मिलिमीटरमधले आकडे असतात. अमुक आकार चांगला, असं काही नसतं. तुमच्या नळीला मानवतो तो चांगला. माझी आणि माझ्या मैत्रिणीची रायफल एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. तिला ४.४९ लागतो, मला ४.५०. वजन रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅम घ्या, पिस्तूलवाले हलका घेतात. तोंड सपाट हवं, म्हणजे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं.

मग बॅच नंबर. कंपनी तीच, आकार तोच, पण बॅच बदलली की ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका, बदलू शकतो. एका वर्षी राज्य स्पर्धेच्या आधी मी चार डबे मागवले. दुकानाने दोन वेगळ्या बॅचचे दिले आणि मी न बघता ते बॅगेत टाकले. सराव एका बॅचवर झाला, स्पर्धेत दुसरी निघाली. साठ शॉट मी स्वतःच्या श्वासाला आणि ट्रिगरला दोष देत राहिले.

त्यामुळे आधी वेगवेगळ्या बॅचचा एकेक डबा घ्या. रेंजवर व्हाइस, म्हणजे रायफल घट्ट धरणारा शिकंजा, असेल तर रायफल त्यात बांधा. नसेल तर भक्कम टेकू द्या. पेलेट बदलल्यावर पहिले दहा-पंधरा शॉट मोजू नका, नळी नव्या शिशाला सरावते. त्यानंतर दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप मारा. भोकांची बाहेरची रुंदी व्हर्नियरने मोजून त्यातून छर्ऱ्याच्या व्यासाचे ४.५ मिलिमीटर वजा करा. तीन मिलिमीटर उरले, तर रायफल नीट साइट केल्यावर प्रत्येक छर्रा दशांश गुणांत साधारण १०.४ किंवा त्याच्या वर बसतो. साडेपाच उरले, तर तुम्ही कितीही छान नेम धरला तरी एखादा नऊ पडणारच. एकच सुंदर ग्रुप बघून भुलू नका; पाचही बघा. जी बॅच जमेल तिचे वर्षभर पुरतील इतके डबे त्याच दिवशी सांगून ठेवा.

घरी आणल्यावर मी काचेच्या तुकड्यावर पेलेट ओळीने उभे करते आणि टेबललॅम्प आडवा धरते. छर्ऱ्याचा मागचा घेर, ज्याला आम्ही स्कर्ट म्हणतो, तो केसाएवढ्या जागेतही दबलेला असेल तर त्या बाजूला प्रकाशाची रेघ तुटते. असा छर्रा सरावालाही नको. ५०० च्या डब्यात कधी दोन निघतात, कधी वीस. वीस निघाले तर डबा बदलून मागा, संकोच करू नका.

लोकलने जात असाल तर डबा बॅगेत मोकळा ठेवू नका. दादरला चढताना बसणाऱ्या एका धक्क्यात आतले छर्रे एकमेकांवर आपटतात आणि स्कर्ट वाकतात. वर स्पंजची चकती घाला, डबा खुळखुळला नाही पाहिजे. पावसाळ्यात आमच्या समुद्राकडच्या हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर सिलिका जेलची पुडी टाकून हवाबंद डब्यात ठेवा.

आणि शिसं हाताळल्यावर डब्याला हात लावण्याआधी, म्हणजे जेवणाच्या डब्याला, साबणाने हात धुवा. मुलं बरोबर असतील तर त्यांचे तुम्ही स्वतः धुऊन द्या.