तीन दिवसांत बॅटरी डाऊन: माझा अनुभव

वडोदऱ्यात, दांडिया बाजारात राहतो. माझी जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार तीन दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टकटक करायचा. बॅटरी दोनदा बदलली, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) तपासला; १४.२ व्होल्ट, ठणठणीत. अक्षरशः रडकुंडीला आलो.

शेवटी असं केलं. उघड्या दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद केलं, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं; चावी लांब ठेवली. बंद गाडी किती करंट खाते ते बघायला बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मधे मल्टिमीटर जोडला, १० अँपिअरच्या सॉकेटवर. मग ४० मिनिटं थांबलो. मॉड्यूल्स (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपेपर्यंत आकडा फसवा असतो. ५० मिलिअँपिअरच्या आत हवा, माझा ४१०! फ्यूज उपसले नाहीत, त्याने मॉड्यूल्स पुन्हा जागी होतात. प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजले; आकडा दिसला तर त्यातून करंट वाहतोय. डिकीच्या दिव्याच्या फ्यूजवर आकडा दिसला. फोनवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत बंद केला: दिवा चालूच. डिकी लागली की दिवा बंद करणारा, लॅचमधला मायक्रोस्विच गंजून हिरवा पडला आणि चिकटला होता. नवा बसवला, आकडा २८ वर.