उन्हाळ्यात फॅन कर्व्ह बायोसमध्येच बसवा

परभणीत मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते. अशा वेळी काही काम चालू नसतानाही कॉम्प्युटरचा प्रोसेसर ५० अंशांच्या पुढे असतो. नेहमीचा फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरवायचा तो आलेख, तिथेच चढायला लागतो, म्हणून पंखा सारखा वरखाली होत होता. विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने तो आवरला खरा, पण ते विंडोज चालू झाल्यावरच जागं होतं, आणि मशीन हँग झालं की पंखा आहे त्याच वेगावर अडकतो. शिवाय अशी दोन सॉफ्टवेअर एकाच सेन्सर चिपमागे लागली की आकडे भलतेच येतात.

ते सॉफ्टवेअर काढून कर्व्ह बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं, मदरबोर्डातलंच सॉफ्टवेअर) बसवला: ५५ अंशांपर्यंत ३५ टक्के, ७० ला ६०, ८० ला १००. स्टेप-अप टाइम (तापमान चढल्यावर पंख्याने वेग वाढवायला घ्यायचा वेळ) ३ सेकंद केला आणि घूं-घूं तिथेच थांबली. तीन पिनच्या पंख्याला डीसी मोडच द्या, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा. पीडब्ल्यूएम मोडवर (यात वेगाचा सिग्नल चौथ्या पिनवरून जातो) तो कायम पूर्ण वेगाने पळतो.

ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) जूनपर्यंत काढूनच ठेवा. व्होल्टेज थोडं वाढवलं तरी उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

मदरबोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल उतरला असेल तर बऱ्याच बोर्डांवर लाइट गेली की सेटिंग पुसलं जातं. सेल आधी बदला, कर्व्हचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.