पिक्चर्ड रॉक्स: एका दिवसात चॅपल लूप कसा करावा

मिशिगनच्या उत्तरेला, लेक सुपीरियरच्या काठावर पिक्चर्ड रॉक्स आहे. १९६६ साली घोषित झालेला हा अमेरिकेतला पहिला राष्ट्रीय सरोवरकिनारा. डेट्रॉइट किंवा शिकागोहून गाडीने सहा-सात तास लागतात, म्हणून आदल्या रात्री म्युनिसिंग गावात मुक्काम करा. एकच दिवस हातात असेल, तर डोळे झाकून चॅपल लूप निवडा. तो साधारण १६ किलोमीटरचा पायी फेरा आहे, जिथून सुरू होतो तिथेच परत येणारा.

महिना आधी ठरवा. मेच्या मध्यापासून जूनभर काळ्या माशा आणि डास अक्षरशः फोडून काढतात. तेव्हा जायचंच असेल तर डोक्यावरून घ्यायची जाळी हवीच. माझं मत सप्टेंबरला.

चॅपलचा वाहनतळ लहान आहे आणि शेवटचा रस्ता कच्चा. सकाळी आठच्या आत पोहोचा. मोबाइलला रेंज जवळजवळ नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा. माणशी तीन लिटर पाणी, दशम्या किंवा ठेपले आणि एक विंडचीटर घ्या. ऐन उन्हाळ्यातही सरोवरावरचा वारा गार असतो. कुत्र्याला या वाटेवर नेता येत नाही.

आधी चॅपल धबधब्याकडे निघा. दोनेक किलोमीटर सपाट जंगलवाट आहे. तिथे फार रेंगाळू नका, वेळ राखून ठेवा तो चॅपल रॉकसाठी. किनाऱ्यापासून सुटलेल्या त्या खडकाच्या माथ्यावर एकच पांढरा पाइन उभा आहे. पूर्वी खडक आणि किनारा यांच्यामध्ये दगडी कमान होती. ती १९४०च्या दशकात कोसळली, पण झाडाची मुळं तुटली नाहीत. दोरखंडासारखी ती अजूनही मोकळ्या हवेतून पलीकडच्या मातीत गेलेली आहेत. जवळ उभं राहून ती मुळं नीट बघा. खडकावर मात्र चढू नका, मनाई आहे.

इथून सरोवर उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालायचं. पुढचे सातेक किलोमीटर कड्याच्या माथ्यावरून जातात, आणि सगळ्यात जपायचं ते इथेच. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर बिनधास्त टेकायची आपल्याला सवय असते. हा वालुकाश्म तसा नाही, तो खालून पोखरला जातो आणि कडा अचानक सुटते. कडेपासून चांगलं अंतर ठेवा, मुलांचा हात धरा, फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नका. वाट वळते तिथून समोरच्या कड्यांवरचे पट्टे दिसतात. भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यातलं लोह लाल-केशरी उतरतं, तांबं हिरवं-निळं आणि मँगनीज काळं-तपकिरी.

मॉस्किटो बीचवर बूट काढून पाय पाण्यात घाला. पोहायचा मोह आवरा. हे पाणी जुलैतही इतकं गार असतं की हातपाय लवकर बधिर होतात. वाहनतळ इथून आणखी साडेचार किलोमीटर आहे, तोही झाडीतून, जिथे संधिप्रकाश लवकर संपतो. म्हणून सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी पायांची वाळू झटका, कोरडे मोजे चढवा आणि निघा.