झोप लागत नाही? झोप आणण्याच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

घरातलं आजारपण, परीक्षा किंवा नोकरीतली ओढाताण यामुळे काही रात्री झोप उडाली, तर तो आजार नव्हे. कारण सरलं की झोप बहुतेकदा आपोआप परत येते. पण आठवड्यातून किमान 3 रात्री झोप लागत नाही, मध्येच जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही किंवा पहाटे फार लवकर जाग येते, असं 3 महिने चाललं आणि दिवसही खराब जाऊ लागला, तर तो जुना निद्रानाश झाला.

मूळ निमित्त संपलं तरी झोप परतत नाही, याचं उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये मांडलं. निद्रानाश सुरू एका कारणानं होतो आणि टिकतो दुसऱ्याच कारणानं. टिकवणाऱ्या त्या गोष्टी म्हणजे बहुतेकदा आपण गेलेली झोप भरून काढायला लावून घेतलेल्या सवयी. त्या सुटल्या की कित्येकांची झोप गोळीशिवाय सुधारते.

सगळ्यात मोठी चूक: अंथरुणात जास्त वेळ काढणं

काल झोप झाली नाही म्हणून आज साडेनऊलाच आडवं व्हायचं आणि सकाळी जाग आली तरी आठपर्यंत लोळायचं. सल्ला देणारे घरोघरी हेच सांगतात, आणि नेमकं हेच नडतं.

आपण जागे असतो तसतसं मेंदूत अडेनोसिन हे झोप आणणारं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. दुसरीकडे प्रकाशावर चालणारं शरीराचं घड्याळ असतं. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास ते घड्याळ माणसाला उलट जास्त जागं ठेवतं. त्यामुळे लवकर पाठ टेकली की दाब अपुरा असतो आणि घड्याळ विरोधात असतं. मग तासन्‌तास कूस बदलणं, चिडणं, उद्याची काळजी. महिनोन्‌महिने असं झालं की मेंदू गादीचा संबंध झोपेशी न लावता या तगमगीशी लावतो. खुर्चीत पेंगणारा माणूस गादीवर गेल्या गेल्या टक्क जागा होतो, तो यामुळेच.

उपाय असा. दोन आठवडे वहीत रोज सकाळी पाच गोष्टी लिहा: अंथरुणात किती वाजता गेलो, अंदाजे किती वेळानं झोप लागली, मध्ये एकूण किती वेळ जागे होतो, शेवटची जाग किती वाजता आली, उठलो किती वाजता. सगळं अंदाजानं, रात्री घड्याळ बघून नाही. मग रोजच्या प्रत्यक्ष झोपेची सरासरी काढा.

समजा तुम्ही 10 ते 6:30 अंथरुणात असता, म्हणजे साडेआठ तास, आणि झोप होते साडेपाच तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी जेमतेम 65 टक्के झोप. आता अंथरुणातला वेळही साडेपाच तासच करायचा. उठायची वेळ आधी ठरवा, धरा 6. त्यावरून मागे मोजलं की अंथरुणात जायचं रात्री 12:30 ला, त्याआधी नाही. आठवड्यानं पुन्हा हिशेब करा. झोप अंथरुणातल्या वेळाच्या 85 टक्के किंवा जास्त झाली, तर पुढच्या आठवड्यात 15 मिनिटं आधी, म्हणजे 12:15 ला झोपा. 80 ते 85 च्या मध्ये असेल तर वेळ तीच ठेवा. 80 च्या खाली असेल तर 15 मिनिटं कमी करा, पण पाच तासांच्या खाली कधीही जाऊ नका. दिवसा तरतरी वाटू लागली आणि आणखी वेळ देऊन झोप वाढेनाशी झाली, की तिथे थांबायचं. पुष्कळांचा हिशेब साडेसहा ते साडेसात तासांत बसतो. आठ तास झालेच पाहिजेत हा हट्ट नको.

पहिले एक-दोन आठवडे जड जातात, दिवसा पेंग येते. तसं अपेक्षितच आहे, पण त्या काळात डोळे जड असताना दुचाकी-चारचाकी चालवू नका. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी, झोपेत चालणाऱ्यांनी, उपचार न झालेला झोपेतला श्वासाचा त्रास असलेल्यांनी आणि ड्रायव्हर किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांनी हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

उपाय फसतो तो बहुतेक दोन जागी. एक, रविवार: सोम ते शनि सहाला उठून रविवारी नऊ वाजवले, की रविवारी रात्री झोपेचा दाब तीन तासांनी कमी पडतो आणि सोमवारची सकाळ पुन्हा वाईट. दुसरी, टीव्हीसमोर नऊ-साडेनऊला लागलेली डुलकी. वीस मिनिटांचीच असली तरी दिवसभर साठलेला दाब ती थोडा उतरवते. त्या वेळी उठून भांडी लावा, उद्याचा डबा भरायची तयारी करा, काहीही उभ्यानं करा.

वयस्कर माणसांचा ‘पहाटे तीनला जाग येते’

ही तक्रार खूप घरांत असते. आधी वेळ विचारा. आठला जेवण, नऊला झोप आणि तीनला जाग, म्हणजे सहा तास झोप झाली. वर दुपारी तासभर पडणं असतंच. वय वाढलं की शरीराचं घड्याळ लवकरच्या वेळेकडे सरकतं, म्हणजे पेंगही लवकर येते आणि जागही, आणि झोप थोडी कमी व हलकी होते. इथे गोळीआधी वेळापत्रक बदलून पाहावं. संध्याकाळी पाच-साडेपाचला, ऊन असतानाच, बाहेर अर्धा तास फिरणं. दुपारची वामकुक्षी तीनच्या आत आणि गजर लावून 20-30 मिनिटांची. झोपायची वेळ दर आठवड्याला 15-20 मिनिटांनी पुढे, अकराच्या आसपास येईपर्यंत. वयस्करांना वर सांगितलेली एकदम कपात नको, ही सावकाश पद्धत बरी.

जाग आली तरी पडून राहणं

‘निदान अंगाला आराम तरी मिळेल’ म्हणून माणूस पडून राहतो. साधारण 15-20 मिनिटं झाली असं वाटलं, किंवा त्याआधीच वैताग सुरू झाला, की उठा. मंद उजेडात एखादं शांत काम करा: जुनं मासिक वाचा, कपड्यांच्या घड्या घाला. पेंग आली की परत जा. एका रात्रीत चारदा उठावं लागलं तरी चालेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही ती उपचाराच्या गाभ्यात आहे.

एकाच खोलीत सगळं कुटुंब झोपत असेल तर वेगळी खोली कुठून आणायची? त्याची गरजच नाही. गादीवरून उठून भिंतीशी चटईवर किंवा खुर्चीत बसलं तरी पुरतं. गादी सोडणं महत्त्वाचं. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांना एक सोय आहे: सकाळी गादी गुंडाळून ठेवली की दिवसा लोळणं आपोआप टळतं.

भिंतीवरचं घड्याळ नजरेआड करा, मोबाइल हात पोचणार नाही इतका लांब ठेवा. ‘अडीच वाजले, आता साडेतीनच तास उरले’ हा हिशेब झोप उडवायला पुरेसा असतो.

चहा, पेग आणि जायफळ

कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. संध्याकाळी पाचच्या कडक चहातलं निम्मं कॅफीन रात्री दहाला रक्तात असतं. ‘मला चहानं काही होत नाही, पिऊनही झोप लागते’ म्हणणाऱ्यांची झोप लागते, पण हलकी राहते. शेवटचा चहा-कॉफी दुपारी दोनच्या आत. कोला, एनर्जी ड्रिंक आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, पाकिटावर वाचा.

दारूनं झोप पटकन लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि घोरणं वाढतं. झोपेचं औषध म्हणून ती घेऊच नये. दुधात चिमूटभर जायफळ घ्यायला हरकत नाही. गुण येत नाही म्हणून चमचाभर टाकणं मात्र विषारी ठरू शकतं.

गोळीच्या बाबतीतल्या चुका

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही झोपेसाठी दिली जाणारी औषधं भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी घरातल्या दुसऱ्याच्या पाकिटातली ‘अर्धी’ घेण्याची पद्धत सर्रास आहे. वयस्कर माणूस अशी गोळी घेऊन रात्री लघवीला उठला की तोल जाऊन खुबा मोडण्याचा धोका असतो. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. सर्दीच्या, खाजेच्या गोळ्या झोपेसाठी घेणंही चूक. जुन्या प्रकारच्या अशा गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना गोंधळल्यासारखं होतं आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते.

बरेच महिने रोज चालू असलेली गोळी एका दिवसात बंद करू नका. काही रात्री झोप आधीपेक्षाही बिघडते, आणि माणूस ‘मला गोळीशिवाय झोपच नाही’ असं ठरवून टाकतो. तो औषध सोडल्याचा तात्पुरता परिणाम असतो. अचानक बंद केल्यानं फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टर डोस आठवड्यांच्या टप्प्यांनी उतरवतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2016 मध्ये प्रौढांच्या जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळ्या नव्हे, तर वर सांगितल्यासारख्या पद्धतींचा मिळून केलेला सीबीटी-आय हा वर्तनोपचारच सुचवला. मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तो देतात.

दुखणं वेगळंच असेल तर

जोरात घोरणं, मध्येच श्वास अडणं आणि दिवसा पेंगणं ही स्लीप ॲप्नियाची लक्षणं आहेत. त्याला झोपेची तपासणी लागते. रात्री पायांत वळवळ होते आणि हलवल्यावर बरं वाटतं, तर रक्तातलं फेरिटिन तपासून घ्या, लोह कमी असू शकतं. थायरॉइड, रात्रीची लघवी, आम्लपित्त, पाळी जाण्याच्या काळातल्या गरम वाफा, संध्याकाळी घेतलेली स्टेरॉइडची किंवा लघवीची गोळी, हेही पाहावं लागतं. पहाटेच जाग येते, कशातच रस वाटत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची ती वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं (आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा) आणि जमल्यास शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. घोरणं आणि अडणारा श्वास त्यालाच ठाऊक असतो.