पॅनेल स्पीकर मांडताना या चुका टाळा

इलेक्ट्रोस्टॅटिक किंवा प्लेनर मॅग्नेटिक पॅनेल स्पीकर (पेटीऐवजी मोठा पातळ पडदा हलवून आवाज काढणारे सपाट स्पीकर) घरी आणल्यावर ‘आवाज स्वच्छ आहे, पण खर्ज कुठे गेला?’ अशी तक्रार हमखास ऐकू येते आणि खापर बहुधा अ‍ॅम्प्लिफायरवर फुटते. दोष मात्र बहुतेक वेळा मांडणीत असतो. नेहमीच्या स्पीकरमध्ये मागे जाणारा आवाज पेटी अडवून धरते. पॅनेलचा पातळ पडदा पुढे जितका आवाज सोडतो, जवळपास तितकाच मागेही सोडतो आणि तो मागचा आवाज उलट फेजमध्ये असतो, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ती विरळ होते. पेटीच्या स्पीकरचे नियम पॅनेलला लावले जातात, तेथूनच बहुतेक अडचणी सुरू होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पॅनेल भिंतीला लागून ठेवणे. ते सडपातळ असल्यामुळे हा मोह होतो, हे समजण्यासारखे आहे. पेटीचा स्पीकर भिंतीजवळ नेला की खर्ज वाढतो. पॅनेलच्या बाबतीत उलट घडते, कारण भिंतीवरून परतलेला उलट फेजचा आवाज पुढच्या आवाजाला खालच्या कंपनसंख्यांवर खोडून काढतो. पॅनेल भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर ढोबळ हिशेबाने २८६ हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो आणि त्याखाली उतरत जातो. हेच अंतर १ मीटर केले, तर फुगवटा ८६ हर्ट्झपर्यंत खाली सरकतो, म्हणजे खर्जाला आधार मिळतो. शिवाय १ मीटर अंतरावर परतीचा आवाज सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येतो आणि मूळ सुरात मिसळून त्याची धार बोथट करण्याऐवजी ध्वनीला खोलपणाचा भास देऊ लागतो. म्हणून १ मीटरपासून सुरुवात करावी, जागा असल्यास दीड मीटरपर्यंत जावे आणि दर खेपेला दहा-दहा सेंटिमीटर सरकवून तोच खर्जाचा तुकडा पुन्हा ऐकावा.

जागाच नाही म्हणून काही जण पॅनेलमागची संपूर्ण भिंत जाड फोमने मढवतात. फोम वरचे स्वर शोषून घेतो, खालच्या स्वरांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. खर्जाची तक्रार जिथल्या तिथे राहते आणि आवाज मात्र कोंदट होतो. लहान-मोठ्या, पुढे-मागे लावलेल्या पुस्तकांनी भरलेले कपाट मागे असणे माझ्या मते अधिक चांगले, कारण ते आवाज गिळण्याऐवजी विखुरते.

बाजूच्या भिंतींची चिंता तुलनेने कमी करावी. पॅनेलच्या कडेच्या दिशेने पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खोडतात, त्यामुळे तिकडे फारच थोडा आवाज जातो.

त्यानंतरची चूक कोनाची. सपाट रुंद पडद्यातून वरचे स्वर अरुंद झोताने निघतात. पॅनेल अगदी समोर तोंड करून ठेवले आणि श्रोता झोताबाहेर बसला, तर झांजेची चमक हरवते. उलट ते फार आत वळवले, तर आवाज बोचरा होतो आणि ध्वनिचित्र, म्हणजे वाद्ये आणि गायक समोर पसरल्याचा भास, मधोमध आक्रसते. मधला कोन शोधण्यासाठी एकाच गायकाचे मोनो (दोन्ही स्पीकरमधून अगदी सारखाच आवाज देणारे) ध्वनिमुद्रण लावावे: आवाज दोन्ही पॅनेलच्या मधोमध, एका ठिकाणी स्थिर ऐकू आला पाहिजे. तो एका बाजूला ओढला जात असेल, तर मोजपट्टी घ्यावी. १० किलोहर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते, त्यामुळे दोन्ही पॅनेलपासून कानापर्यंतच्या अंतरातला दोन सेंटिमीटरचा फरकही क्षुल्लक नव्हे. नजरेच्या अंदाजावर येथे भागत नाही. काही पॅनेलमध्ये ट्वीटर (वरचे स्वर काढणारा भाग) एका कडेला असतो. अशी जोडी डाव्या-उजव्यांची अदलाबदल करून, ट्वीटर एकदा आतल्या आणि एकदा बाहेरच्या बाजूला ठेवून, ऐकावी.

आपली खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल, तर तेथे खर्ज घुमतो आणि पॅनेल कितीही हलवले तरी तो घुमारा जात नाही. आधी खुर्ची पुढे घ्यावी.

एवढे करूनही खर्ज नाहीसा आणि गायकाचा आवाज कुठेच न ठरणारा वाटत असेल, तर वायरी तपासाव्यात. एका पॅनेलचे धन आणि ऋण टोक उलटे जोडले गेले असेल, तर नेमकी हीच लक्षणे दिसतात. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच बाजूची टोके बदलावीत आणि तेच मोनो ध्वनिमुद्रण पुन्हा लावावे.