साताऱ्याहून कोकण किनारा सायकलवर: निघायच्या आधी काय काय बघायचं

मार्ग असा धरलाय: सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर. धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळ, मग हर्णै. वेश्वी ते बागमांडला दुसरी फेरी, पुढं हरिहरेश्वर, श्रीवर्धन, शेखाडी, दिवेआगर, आणि दिघी ते आगरदांडा तिसरी. चिपळूणच १२० ते १२५ किलोमीटर पडतं. त्यापुढं दिवसाला ६०-७० पुरे. किनाऱ्यावर रोज १०० मारू म्हणणाऱ्यानं नकाशात फक्त समुद्र बघितलेला असतो, चढ नाही. दिवाळीनंतर निघा, जानेवारीअखेर उरका. पावसाळ्यात घाटात दरडी आणि फेरीचा भरवसा नाही. मार्चपासून दमट उकाडा.

हेल्मेट, पंप, दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंक्चरचं सामान, ॲलन की: हे सांगायला नको.

ब्रेक पॅड मात्र सांगायलाच हवेत. निघताना सायकलला नवे पॅड, आणि पिशवीत आणखी एक पूर्ण जोडी, पुढची आणि मागची. “अजून अर्धे शिल्लक आहेत” हे ऐकून घेणार नाही. कुंभार्ली एकदाच उतरायचा असतो, पॅड तिथं संपत नाहीत. ते संपतात खाली. किनाऱ्याचा रस्ता सपाट नाही: सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरून, खाडीला उतरायचं, पलीकडं पुन्हा सडा चढायचा, पुन्हा उतार. हे उतार छोटे, पण तीव्र आणि वळणाचे, खाली गाव नाहीतर थेट जेटी, त्यामुळं सायकल मोकळी सोडता येत नाही. त्यात जांभ्याची लाल धूळ. ती डिस्क (चाकाच्या मध्यावरची ब्रेकची चकती) आणि पॅडच्या मध्ये गेली की पॉलिश पेपरसारखी दोन्हीकडून घासते. वर मागं आठ-दहा किलो सामान. साताऱ्यात वर्षभर टिकलेला पॅड इथं थोड्याच दिवसांत झिजून मागच्या पत्र्यावर येतो. मग खरखर आवाज, मग डिस्कला चर, आणि समोर उतार. गुहागर, दापोली, श्रीवर्धनला पंक्चर निघेल, साधी केबलही मिळेल. तुमच्या कॅलिपरचा (पॅड धरून डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग) पॅड मिळेल असं अजिबात धरू नका.

कारण पॅडचा आकार सगळीकडं एक नसतो. शिमानो कंपनीच्या रोड सायकलींच्या डिस्क ब्रेकना, म्हणजे १०५ किंवा अल्टेग्रा या मालिकांना, एल०३ए किंवा एल०५ए चालतो. हायब्रिड आणि साध्या एमटीबीवर (माउंटन बाइकवर) बऱ्याचदा बी०५एस असतो. हे एकमेकांत बसत नाहीत. नावावर विसंबू नका, जुना पॅड काढून खिशात घाला आणि दुकानात शेजारी ठेवून जुळवा. साताऱ्यात नसेल तर मागवायला आठवडा हाताशी ठेवा. पॅडचं मटेरियल दोन प्रकारचं: मऊ रेझिन आणि कडक मेटल. डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर मेटल पॅड घेऊ नका, डिस्क खाऊन टाकेल. तसं नसेल तर सामान लादून जाणाऱ्यानं मेटलच घ्यावा. आवाज करतो, पण टिकतो. शिमानो ०.५ मिमी मटेरियल उरल्यावर बदलायला सांगते. वाटेत १ मिमी उरलेला दिसला तरी काढून टाका. डिस्कही बघा: शिमानोच्या डिस्कची जाडी १.५ मिमीवर आली की ती बाद.

नुसते घेऊन ठेवून उपयोग नाही, घरी एकदा बदलून बघा. चाक काढा, पॅड अडकवणाऱ्या पिनची क्लिप काढा (ही क्लिप उडते, खाली फडकं अंथरा), पिन सोडवा, जुना पॅड स्प्रिंगसकट बाहेर घ्या. पिस्टन (कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा दट्ट्या) प्लास्टिकच्या टायर लिव्हरनं सरळ मागं ढकला. स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर पिस्टनचा कपचा उडतो. नवा पॅड घालताना मटेरियलला बोट लावू नका, आणि खोबरेलाचा हात तर नकोच. तेल एकदा मुरलं की तो पॅड ओरडतो आणि धरत नाही. चेनला स्प्रेनं तेल मारणारे हेच करून ठेवतात. थेंबाथेंबानं घाला.

नवे पॅड बसवून थेट घाटाला लागू नका. सपाट रस्त्यावर २०-२५ च्या वेगात जाऊन ब्रेक दाबत चालण्याच्या वेगाला आणा, पूर्ण थांबू नका, सोडा. असं वीसेक वेळा पुढच्या ब्रेकनं, वीसेक वेळा मागच्या. ब्रेक हळूहळू धरायला लागल्याचं हाताला कळतं.

रिम ब्रेकवाल्यांनी, म्हणजे ज्यांचे पॅड चाकाच्या कडेवर घासतात त्यांनी, हसू नये. रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टाचणीनं काढा, नाहीतर रिमला रेघा पडतात. सरकवून बसवायचे पॅड असतील तर होल्डरची उघडी बाजू मागं हवी. उलटी बसली तर जोरात ब्रेक मारताच रबर पुढं निघून जातो. कार्बन रिमला कार्बनचेच पॅड, आणि खरं सांगायचं तर या मार्गाला कार्बन रिम ब्रेक आणूच नका. जादा पॅड तुम्हालाही लागणारच.

सराव यवतेश्वर घाटात, आणि सामान लावून. रिकाम्या सायकलीनं कासला जाऊन येणं म्हणजे सराव नव्हे. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवायची सवय असेल तर ती इथंच मोडा: वळणाआधी जोरात दाबा, वेग पाडा, सोडून वळा. सतत घासत आलं की डिस्क तापते, रेझिन पॅडवर काचेसारखा थर येतो आणि मग दाबूनही सायकल थांबत नाही. खाली आल्यावर टॉर्च लावून पॅड बघा. एका उतरणीत किती झिजतो ते कळलं की पिशवीत जादा जोडी का, हे पुन्हा विचारणार नाही.

गिअर: पुढं ५० आणि ३४ दातांच्या चकत्या, मागं ३४ दातांपर्यंत कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच). मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ घेतो का ते आधी विचारा. खाडीतून वर येणारे चढ लांब नसतात, पण २५ दातांवर गुडघे मागतात. टायर २८ मिमी, सामानासकट ७०-७५ पीएसआय. डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, एक जादा घ्या. चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) तुमच्या स्पीडचाच, म्हणजे मागं जितके गिअर तितक्याचा.

उंब्रज ते पाटण हा पट्टा उसाचा. हंगामात ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागचा दिवा बहुतेकांना नसतो, आणि ऊस बाहेर इतका आलेला असतो की ओव्हरटेक करताना कांडं हँडलला लागतं. ट्रॉली वळताना मागची आत येते, तिच्या कडेला कधीच राहू नका. सांडलेल्या पाचटावर ब्रेक मारू नका. साताऱ्यातून पहाटे निघालात तर हायवेवर अंधार असतो, मागचा लाल दिवा चालू ठेवा, आणि कोयनानगरपर्यंत दिवसाही चालूच. कुंभार्लीत ट्रक वळण घेताना रस्ता पूर्ण व्यापतात. उतरताना ट्रकच्या मागं चिकटू नका. पोफळीला थांबा, पाणी प्या, डिस्कला हात लावू नका, पोळतो.

पाणी: ७५० मिलीच्या दोन बाटल्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच. अर्ध्या बाटलीत अख्खं ओतलं तर मळमळतं. आमसुलाचं सार, कोकम सरबत वाटेत मिळतं, घ्या.

फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, शेवटची चुकली की मुक्काम तिथंच. रोख पैसे ठेवा. जेटीचा उतार ओला आणि शेवाळी असतो, उतरून चालत जा. दाभोळ ते हर्णै आणि पुढं वेश्वीपर्यंत पॅड रोज संध्याकाळी बघायचे. रोज. शेखाडीचा किनाऱ्यालगतचा रस्ता सोपा, तिथं हुरळून जाऊन वाळूत सायकल घालू नका. मुक्कामी गोड्या पाण्यानं चेन धुवा, पुसा, तेल. पाण्याचा पाइप थेट हबवर (चाकाच्या मध्यावर) नको.

परत यायला एसटीच्या टपावर कॅरिअर असेलच असं नाही, पिकअप आधीच ठरवा. सायकल आडवी टाकायची तर डिरेलर वरच्या बाजूला. चाकं काढलीत तर कॅलिपरमध्ये पॅड स्पेसर (दोन पॅडमध्ये ठेवायचा प्लास्टिकचा तुकडा) घाला, नसेल तर पुठ्ठ्याची जाड घडी. मध्ये डिस्क नसताना कोणी ब्रेकचा लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत आत जात नाही.